हळदीची पाच बोटं

“दिसतेय?” बाईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“मग घ्या केरसुणी.”

मी कोपऱ्यातली केरसुणी उचलली. तिची टोकं जळून काळी पडली होती आणि ती निम्म्याहून आखूड झाली होती. ती पुढे धरून मी बर्नरकडे सरकलो. खिडकीतून सकाळचं ऊन आत आलं होतं. बर्नरच्या तोंडाशी काहीच नव्हतं. नुसती हवा होती, जराशी थरथरणारी. त्या थरथरीत केरसुणीचं टोक शिरलं आणि भपकन पेटलं.

“आहे,” मी म्हणालो आणि टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं.

“ज्योत असायलाच हवी. फक्त कुठवर आहे ते कळलं पाहिजे. नाही तर एक दिवस तुमच्या शर्टानेच ते शोधून काढाल.”

दारातून इस्माईलभाई म्हणाले, “बाई, रोज लक्ष्मी जाळताय. बरकत कशी यायची या खोलीला?”

“लक्ष्मी तुमची कधीपासून झाली, इस्माईलभाई?”

“केर आमच्या घरातबी असतोय की.”

ही गोष्ट रॉकेलसाठी रांगा लागत त्या काळातली आहे. इतक्या वर्षांनी लिहितोय, तेव्हा बोलणी शब्दशः तशीच झाली असतील याची खात्री मला नाही. मला तशी कशाचीच खात्री नसते. पण त्या ज्योतीबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही, म्हणून तेवढ्यापुरतं लिहायचं धाडस करतो.

बाई म्हणजे डॉक्टर मालिनी सबनीस. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या रसायनशास्त्राच्या प्रमुख होत्या. कार्यशाळेच्या मागची पत्र्याची खोली त्यांनी प्रयोगासाठी मागून घेतली होती आणि कित्येक वर्षं तिथे एकच गोष्ट करायचा प्रयत्न चालवला होता: अमोनिया जाळायचा. बर्फाच्या कारखान्यात असतो तोच, नाकात झिणझिण्या आणणारा. त्यात कार्बन नाही, त्यामुळे काजळी नाही. हवेतला नायट्रोजन आणि पाण्यातला हायड्रोजन यांच्यापासून तो करता येतो, आणि नीट जळला तर पुन्हा हवा आणि पाणीच होतो. “नीट जळला तर,” हे बाई प्रत्येक वेळी म्हणत.

कारण तो जळत नाही. निदान सुखासुखी नाही. माझी नेमणूक झाली त्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, “हायड्रोजन आणि अमोनिया हे एकाच घरातले दोन भाऊ समजा. हायड्रोजनला ठिणगी दाखवायचा अवकाश, तो पेटतो. इतक्या वेगाने पेटतो की पुढे जायचं सोडून उलटा नळीत शिरतो आणि फट्‌ करून घर हादरवतो. अमोनिया उलट. पेटवा, पेटवा, तो आपला ओल्या लाकडासारखा. आणि पेटलाच तरी जरा जोरात वारा घातला की ज्योत उंबरठ्यावरून उडून जाते. दोघांना एकत्र आणलं तर एक दुसऱ्याला सावरतो. किती कुणाचं घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे.”

मी मान हलवली. मी बहुधा मानच हलवत असे.

“तुम्ही अमोनिया आहात, लोटलीकर,” बाई म्हणाल्या.

त्यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. मी पुस्तकातला माणूस. ग्रंथालयात मला कुणी हटकलं नाही तर दिवस जायचा. मात्र वर्गात फळ्याकडून मुलांकडे वळलो की पुढचं वाक्य सापडत नसे. पहिल्या तासाला मी खडू हातात घेऊन एवढा वेळ उभा राहिलो की मुलांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या तासापासून बाई येऊन मागच्या बाकावर बसू लागल्या. काही बोलत नसत. विणकाम घेऊन बसत. मी अडकलो की वर बघत, आणि मला वाक्य सापडे. पुढे दोन वर्षं हे असंच चाललं. मुलं मला ‘बाईंचा लोटलीकर’ म्हणत.

दुसऱ्या वर्षी प्राचार्य खानविलकरांनी बाईंना बोलावून घेतलं. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचा नवा वर्ग सुरू व्हायचा होता आणि जागा नव्हती.

“बाई, मला तुमच्याबद्दल आदर आहे,” ते म्हणाले, “पण त्या खोलीतून आजवर फक्त वास बाहेर आला.”

बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. खोली गेली तर दुसरीकडे पुन्हा सगळं उभारायला वेळच उरला नव्हता. हे खानविलकरांनाही ठाऊक असावं. ते कठोर गृहस्थ नव्हते. ते म्हणाले, “दसऱ्याला कॉलेज बंद असतं. मी स्वतः येतो. अमोनिया जळतो हे मला एकदा या डोळ्यांनी दाखवा, खोली तुमची. नाही तर दिवाळीनंतर मी कुलूप लावीन.”

बाईंचा बर्नर तेव्हा जवळजवळ तयार होता. बर्नरच्या तोंडाभोवती पोलादी नळीचं एक वेटोळं होतं. नळीत लोखंडाचा कीस भरलेला. अमोनिया आधी या वेटोळ्यातून फिरायचा आणि मग तोंडाशी यायचा. कल्पना अशी की ज्योतीच्या आचेने वेटोळं तापावं, तापलेल्या लोखंडावर थोडा अमोनिया फुटावा आणि त्यातून हायड्रोजन सुटावा. सुरुवातीला मात्र बाहेरच्या सिलिंडरमधला हायड्रोजन द्यावा लागे. अमोनियाची मात्रा वाढवली की ज्योत विझायची, हायड्रोजनची वाढवली की उलटी शिरायची. बाई डाव्या हाताने एक नळ धरीत, उजव्या हाताने दुसरा, आणि डोळे ज्योतीवर. मी आकडे वाचत असे.

आणि रंग बघत असे. हायड्रोजनची ज्योत दिसत नाही. अमोनिया जळायला लागला की ती नारिंगी दिसू लागते. पुस्तकात तसं लिहिलं होतं आणि क्षणभर, विझण्याआधी, आम्हीही ते पाहिलं होतं. त्यामुळे आमच्या खोलीत नारिंगी हा रंग म्हणजे यशच झाला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी कार्यशाळेतलं एकही यंत्र चालत नाही. सगळी घासूनपुसून ठेवायची, पूजा करायची, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. ही सगळी व्यवस्था इस्माईलभाई शिकलगारांकडे असे. ते कार्यशाळेचे मुख्य मिस्त्री. कुणी नवा माणूस जरा चकित होऊन बघू लागला की ते म्हणायचे, “अहो, आमचं नावच शिकलगार. तलवारींना धार लावायचं काम आमच्या पणजोबांचं. खंडेनवमी आमची नाही तर कुणाची?”

लेथ झाली, ड्रिल झालं, मग ताट घेऊन ते आमच्या खोलीत आले. बाई उठून उभ्या राहिल्या. त्या पूजाअर्चा करणाऱ्या नव्हत्या, पण या दिवशी उभ्या राहत. “हत्यारांना वर्षातून एक दिवस विश्रांती मिळते, तेवढं मला पटतं,” असं म्हणत.

इस्माईलभाईंनी सिलिंडरला झेंडूच्या माळा घातल्या. बर्नरला हळद लावली, कुंकू लावलं. बर्नरसाठी हवा ओढणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी चिमूट न घेता मूठच वाहिली. “हे वाऱ्याचं तोंड. इथं जरा जास्तच लावतो. उद्या बाईंची लाज राखायची हाय.” नवी केरसुणी आणली होती, तिलाही हळदकुंकू. मग बाहेर जाऊन, खिडकीतून निघालेल्या धुराड्याच्या पत्र्यावर त्यांनी ओल्या हळदीची पाच बोटं ओढली. ताटातलं लिंबू बर्नरच्या पायाशी ठेवलं.

“आता कुणाची टाप हाय विझायची,” ते म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी खानविलकर ठरल्याप्रमाणे आले. अंगात रेशमी सदरा, खिशात आपट्याची पानं. कॉलेज रिकामं होतं. बाईंनी नेहमीची पांढरी सुती साडी नेसली होती, पण केसांत झेंडूचं एक फूल होतं. ते बहुधा इस्माईलभाईंनी दिलं असावं.

“चला, लोटलीकर.”

मी पंखा सुरू केला. ठिणगी दिली. हायड्रोजनचा बारीक फट्‌ असा आवाज झाला. मी नवी केरसुणी उचलली, आणि थांबलो. बर्नरच्या तोंडाशी फिकट नारिंगी ज्योत दिसत होती.

बाईंनी अमोनियाचा नळ उघडला. काटा वर सरकला. ज्योत लांब झाली, रंग दाट झाला. बाईंनी हायड्रोजन कमी केला. आणखी कमी केला. ज्योत आखडली, हलली, पण गेली नाही. अमोनियाचा काटा जिथे आम्ही तो कधीच नेला नव्हता तिथे होता आणि समोर शेंदरी रंगाची ज्योत शांतपणे उभी होती.

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

“हा अमोनिया?” खानविलकरांनी विचारलं.

“हा अमोनिया,” बाई म्हणाल्या.

“अहो, हा तर देवघरात ठेवावा असा आहे.” ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि खिशातून आपट्याची पानं काढून बाईंच्या हातावर ठेवली. “सोनं घ्या. आणि खोलीचीही काळजी सोडा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मी कुठेतरी बसवतो.”

बाईंनी बर्नर बंद केला. इस्माईलभाई पेढ्यांचा पुडा घेऊन आले. सगळे व्हरांड्यात गेले. मी आत राहिलो, नळ पुन्हा तपासायला. अशा वेळी मला लोकांत कसं उभं राहायचं ते कळत नाही.

केरसुणी अजून माझ्या हातात होती. मी ती कोपऱ्यात ठेवायला गेलो आणि तिच्याकडे पाहत राहिलो. नवीकोरी. एक काडीदेखील जळलेली नव्हती.

अमोनियाचा नळ उघडायच्या आधीच ज्योत दिसली होती.

मी स्वतःला सांगितलं, तुझे डोळे. तुझी आठवण. नळ आधीच थोडा उघडा असेल. नऊ गोष्टी असू शकतात आणि तुला दहावीच सुचते. पण शंका एकदा आली की माझ्याच्याने बसवत नाही. मी पंख्याच्या तोंडाशी गेलो. कालचं मूठभर हळदकुंकू तिथे नव्हतं. मी आत बोट फिरवलं. बोट लाल-पिवळं झालं.

ती पूड हवेबरोबर ज्योतीत गेली होती. कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुन्याने ज्योतीला नारिंगी रंग येतो, हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होतो. म्हणजे शिकवायचा प्रयत्न करत होतो. मग आम्ही पाहिला तो रंग कुणाचा?

अमोनिया जळला नसेल तर तो जसाच्या तसा धुराड्यातून बाहेर गेला असणार. वासावरून आम्हाला कळलं नसतं. त्या खोलीत रोज वावरून आमची नाकं केव्हाच बधिर झाली होती. मी मागच्या दाराने बाहेर पडलो. मागे माळ होता, तिथे चिटपाखरू नव्हतं. धुराड्याचा पत्रा या टोकाला कोमट होता आणि वाफेने ओला झाला होता.

हळदीची पाच बोटं लालभडक झाली होती. चुन्याने होते तशीच अमोनियानेही हळद लाल होते.

कालचं लिंबू मी आतून आणलं. दाताने फोडलं आणि एका बोटावर पिळलं. लाल ओघळ खाली उतरला आणि त्याच्यामागे हळद पुन्हा पिवळी झाली.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मी तिथे किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. व्हरांड्यातून खानविलकरांचं हसणं ऐकू येत होतं, मोटारीच्या किल्ल्यांची खुळखुळही. ते निघाले असते तर खोली बाईंची होती. मला एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही, आणि त्या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

मी व्हरांड्यात गेलो आणि बाईंच्या जवळ उभा राहिलो.

“काय, लोटलीकर? पेढा घ्या.”

“बाई, मागे येता का जरा?”

“आत्ता?”

“केरसुणी लागली नाही,” मी म्हणालो. मला दुसरं वाक्य सापडेना.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हातातला पेढा त्यांनी पुड्यात परत ठेवला आणि माझ्यामागून आल्या. धुराड्यापाशी येऊन त्यांनी ती पाच बोटं पाहिली. चार लाल, एक पिवळं. मी सांगायला तोंड उघडलं, पण सांगावं लागलं नाही. त्यांनी लिंबू माझ्या हातातून घेतलं, स्वतः दुसऱ्या बोटावर पिळलं आणि हळद पिवळी होताना पाहिली.

“माझं चुकत असेल, बाई,” मी म्हणालो. “थोडाफार जळलाही असेल. मला खात्री नाही.”

“मला आहे,” बाई म्हणाल्या.

मोटारीचं दार उघडल्याचा आवाज आला. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता त्या काही बोलणार नाहीत, आणि मीही बोलणार नाही, आणि मग ही गोष्ट आमच्या दोघांत राहील. मला ते हवं होतं की नको होतं, हे आजही ठरवता येत नाही.

“खानविलकर!” त्यांनी हाक मारली. वर्गात मारायच्या तशी. “थांबा!”

खानविलकर मोटारीच्या दारावर हात ठेवून वळले. बाई तशाच चालत त्यांच्यापाशी गेल्या आणि हातातली पानं त्यांच्या हातात परत दिली.

“हे घ्या. मघाशी मी तुम्हाला दाखवलं तेही आपट्याचंच पान होतं.”

“म्हणजे?”

“रंग कुंकवाचा होता. अमोनिया धुराड्यातून पळाला. लोटलीकरांनी पकडला.”

खानविलकर माझ्याकडे पाहू लागले. मी जमिनीकडे.

“बाई, मी निघालो होतो,” ते सावकाश म्हणाले.

“म्हणूनच हाक मारली. आता दोन गोष्टी करता येतील. तुम्ही घरी जा आणि कुलूप पाठवून द्या. नाही तर आत येऊन बसा, आम्ही पुन्हा पेटवतो. या वेळी धुऊन.”

इस्माईलभाईंचा चेहरा पडला होता. “माझ्यामुळं झालं का, बाई?”

“तुमच्यामुळे कळलं,” बाई म्हणाल्या. “हळद लावली नसतीत तर कशावरून कळलं असतं? जा, फडकं आणा. आणि थोडी हळद कालवून ठेवा.”

खानविलकर आत आले. स्टूलवर बसले आणि पुड्यातला एक पेढा उचलून म्हणाले, “प्राचार्य झाल्यापासून माणसं मला सगळं बरोबर चाललंय असंच सांगतात. बघू तरी, आज काय होतं.”

आम्ही पंखा धुतला, नळ्या धुतल्या, बर्नर घासला, माळा काढल्या. इस्माईलभाईंनी धुराडं पुसलं आणि ताजी ओली हळद ओढली. या वेळी ते बाहेर खिडकीशीच उभे राहिले, हळदीवर नजर ठेवून. पंख्यातली सगळी पूड गेली याची खात्री होईपर्यंत मी नुसती हवा सोडत राहिलो.

ठिणगी दिली. फट्‌ झालं.

“कुठंय?” खानविलकरांनी विचारलं. समोर काहीच नव्हतं.

मी केरसुणी पुढे केली. रिकाम्या हवेत ती पेटली. खानविलकरांचा हात पेढ्यासकट थांबला.

“अरे!” ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, “हे इथे मघापासून आहे?”

“हो,” बाई म्हणाल्या.

त्यांनी अमोनिया सोडला. बारीक. खिडकीतून इस्माईलभाईंचा आवाज आला, “लाल व्हायला लागली, बाई!”

“होऊ दे.”

मघाशी रंगाला भुलून बाईंनी हायड्रोजन घाईने कमी केला होता, वेटोळं तापायच्या आधी. आता त्या थांबल्या. त्यांचे दोन्ही हात दोन नळांवर होते आणि त्या काहीच करत नव्हत्या. दिसणार नाही अशा ज्योतीसमोर आम्ही तिघं बसलो होतो. एकदा फट्‌ करून ज्योत नळीत शिरली, सगळं बंद करून पुन्हा पेटवावं लागलं. एकदा अमोनिया जास्त झाला आणि ती गेली. केरसुणीच्या काड्यांनी आम्हाला ते सांगितलं. खानविलकरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, याची मी नोंद घेतली.

मग वेटोळं दिसू लागलं. आधी काळपट तांबडं, नीट पाहिलं तरच कळेल असं. मग जास्वंदीसारखं. आणि त्या तांबड्या कड्याच्या मध्ये, जिथे काही नव्हतं तिथे, काहीतरी येऊ लागलं. तो मघाचा शेंदूर नव्हता. खूप मऊ रंग होता, पिकलेल्या पपईच्या गरासारखा, कडेला पिवळसर. तो तळाशी उमटला आणि वर चढत गेला. जणू ज्योत तिथे होतीच आणि आता कुणीतरी ती आम्हाला दाखवत होतं.

“लोटलीकर, काटे,” बाई म्हणाल्या.

मी अमोनियाचा आकडा वाचला. त्यांनी तो वाढवला. मी वाचला, त्यांनी वाढवला. ज्योत एकदा बर्नरच्या तोंडापासून सुटली. मी ती पाहिली, अधांतरी, खाली काही नाही, वर काही नाही. ती जात होती. मग ती खाली आली आणि बसली. कुणी तिला बसवलं नव्हतं.

“इस्माईलभाई?” बाईंनी आवाज दिला.

“लाल व्हायची थांबली!”

“पुसा. नवी लावा.”

आम्ही वाट पाहिली. ज्योत हलत नव्हती. मी इतकी पुस्तकं वाचली होती त्यांत तिचा वेग दिला होता, तापमान दिलं होतं, तिच्या आत एका रेणूचं काय काय होतं तेही दिलं होतं. ती इतकी शांत असते हे कुठे लिहिलेलं मला आठवत नव्हतं.

“पिवळी हाय,” बाहेरून आवाज आला. आणि थोड्या वेळाने, “बाई, पिवळीच हाय. हळद हळदच हाय.”

खानविलकर स्टूलवरून उठून उभे राहिले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“बाई,” मी कुजबुजलो, “आता हायड्रोजन थोडा कमी करून बघायचा का?”

“कुठला हायड्रोजन?”

मी वळून पाहिलं. बाईंचा हात हायड्रोजनच्या नळावर नव्हता. त्या हात बांधून उभ्या होत्या. मी नळापाशी जाऊन तो बंद करायच्या दिशेने फिरवून पाहिला. तो फिरेना. काटा शून्यावर होता.

“मी केव्हाच बंद केला तो,” बाई म्हणाल्या. “तुम्ही अमोनियाचे आकडे वाचत होतात.”

समोर ज्योत होती. तिच्या आचेने वेटोळं तापत होतं, वेटोळ्यात अमोनिया फुटत होता, आणि जो हायड्रोजन आम्ही इतकी वर्षं बाहेरून आणून देत होतो तो त्याच्याच आतून निघून ज्योतीला मिळत होता. तो सगळा वेळ त्याच्याजवळच होता.

खानविलकरांनी पानं पुन्हा बाईंच्या हातावर ठेवली.

“अजून धुरात नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं किती आहेत ते मोजायचंय,” बाई त्यांना म्हणाल्या. “तीच खरी कटकट आहे. एवढ्यात शाबासकी देऊ नका.” आणि माझ्याकडे वळून, “आणि तुम्ही, आता यावर काय शंका घेता येईल ते बघा.”

खोली बाईंकडे राहिली, त्या निवृत्त होईपर्यंत. नंतर तिथे इलेक्ट्रॉनिक्सच आलं. हल्ली वर्तमानपत्रांत अमोनियावर चालणाऱ्या जहाजांबद्दल वाचतो, तेव्हा बातमीत ज्योतीचा रंग दिलेला आहे का ते शोधतो. बहुधा नसतो.

पण मला सांगायचं होतं ते दिवाळीनंतरचं. सुट्टी संपून पहिला तास होता. बाई विणकाम घेऊन नेहमीसारख्या मागच्या बाकावर येऊन बसल्या. विषय ज्वलनाचा होता. मी ज्योत नळीत उलटी का शिरते ते सांगायला सुरुवात केली, आणि मग केरसुणीचं सांगितलं, आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, पण मग दिवसा कळायचं कसं?” तिला उत्तर देताना दुसऱ्याने काही विचारलं. मी फळ्यावर वेटोळं काढलं. चुकलं म्हणून पुसून पुन्हा काढलं. मुलं हसली, मीही हसलो.

कुठल्या तरी वाक्यानंतर, सवयीने, मी मागच्या बाकाकडे पाहिलं.

बाक रिकामा होता. त्या केव्हा उठून गेल्या होत्या, मला कळलंच नव्हतं.